सेशन गावलं काय?

परवा सकाळी दूध आणायला गेलो, तर दूधवाला अण्णा पिशवी हातात द्यायच्या आधीच म्हणाला, "काय ओ, सेशन गावलं काय?" मागे उभ्या दोन बायका हसल्या. मी अंघोळीशिवाय, तीन रात्रींच्या जागरणाचे डोळे घेऊन उभा. ह्याला जबाबदार शेजारचे आबा.

झालं एवढंच. आमच्या पुण्याच्या ऑफिसचं एक साड्यांचं गिऱ्हाईक आहे. त्यांची वेबसाइट दोन सर्व्हरवर चालते, टॉमकॅट नावाच्या सॉफ्टवेअरवर. खरेदीला आलेली बाई पहिल्या सर्व्हरवर लॉगिन करते. तो मध्येच झोपला तर दुसऱ्यानं "या वहिनी, पिशवीत दोन इरकल होत्या तुमच्या" अशी ओळख दाखवायची. ह्या ओळखीलाच आमच्यात सेशन म्हणतात. आमचा दुसरा विचारत होता, "कोण आपण?"

बेळगावच्या टिळकवाडीत आमची आणि आबांची खिडकी इतकी जवळ की त्यांच्याकडं फोडणी पडली की शिंक मला येते. मी फोनवर ओरडलो, "सेशन गेलं! दुसरीकडं जातच नाही!" खिडकीत पंचा खांद्यावर टाकलेले आबा उगवले.

"सेशन कुठं गेलं रे? बेंगळूरला हलवूलालेत काय?"

बेळगावात सेशन एकच. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधातलं, कर्नाटक विधिमंडळाचं, हिवाळ्यातलं.

"ते नव्हे आबा. सर्व्हरचं."

"कुणाचं असंना. बेंगळूरला एक सौध हाय की न्हाई? २०१२ ला हितं दुसरा केला. तिथलं सेशन आठ-धा दिवस हितं येतंय. मग तुझं का येईना?"

"माझं क्षणाक्षणाला यायला लागतं हो."

आबा गंभीर झाले. "मग बंदोबस्त केवढा लागंल! एवढे पोलिस झोपवणार कुठं तू?"

ह्यावर उत्तर नव्हतं. खरं तर आबांचा मुद्दा चुकीचाही नव्हता. सेशनच्या दिवसांत लॉज भरलेले, हायवेवर आंदोलनं, सीमाप्रश्नाच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार का ह्याची चर्चा, आणि रिक्षात बसलेला माणूस रिक्षातच. एरवी ती इमारत बरीचशी स्टँडबाय सर्व्हरसारखी. बिल चालू, लोड नाही.

इकडं पुण्याहून साहेबांचं एकच पालुपद: "तुमच्याकडचं नेट असेल. कर्नाटकात आहात ना तुम्ही!" सर्व्हर पुण्यात, साड्या पुण्यात, दोष मात्र माझ्या पिन कोडचा. बेंगळूरच्या जुन्या ऑफिसात मी 'महाराष्ट्रवाला' होतो. माझं सेशन तर कुठल्याच सर्व्हरवर नाही.

तीन रात्री गेल्या. वेब डॉट एक्सएमएल ह्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिस्ट्रिब्युटेबल', म्हणजे 'सेशन वाटून घ्या', होतं. सेशनमध्ये ठेवलेले सगळे क्लास सीरियलायझेबल, म्हणजे दुसरीकडं पाठवता येण्याजोगे, आहेत का, तेही एकेक करून पाहिलं. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, तर खुशीत सांगत होता, नवा मेंबर आला! म्हणजे दुसरा सर्व्हर दिसला. दोघेही २२८.०.०.४ ह्या सामायिक पत्त्यावर दर अर्ध्या सेकंदाला 'मी जिवंत आहे' असं ओरडत होते. तीन सेकंद आवाज नाही आला की मेला धरतात. माझी आईसुद्धा इतकी चौकशी करत नाही.

तिसऱ्या रात्री दोन वाजता त्या मेंबरचा पत्ता नीट वाचला: १२७.०.१.१. म्हणजे स्वतःचंच घर! होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावापुढं तोच आकडा, आणि रिसीव्हरचा, म्हणजे प्रत घेणाऱ्याचा, पत्ता 'ऑटो' वर सोडलेला. आबांना फोनवर कुणी पत्ता विचारला की ते सांगतात, "हितंच की ओ!" दोन्ही सर्व्हरांनी एकमेकांना तेच सांगितलं होतं. दोघंही सेशनची प्रत इमानदारीनं स्वतःलाच पाठवत बसलेले. रिसीव्हरला खरा आयपी दिला, दोन्ही रीस्टार्ट केले, आणि वहिनींच्या इरकल पिशवीत परत.

सकाळी साहेबांचा मेल: "किरकोळ कॉन्फिगरेशन होतं." तीन रात्री किरकोळ! बदली रजेचा विषय काढला तर त्यांचंच नेट गेलं.

तोवर आबांनी गल्लीभर सांगून ठेवलेलं की पोराकडनं सेशन हरवलंय. काल खिडकीतनं वाटीभर कुंदा पुढं करत म्हणाले, "गावलं म्हणं? किती दिवस चालणार?"

"तीस मिनिटं, आबा. तेवढ्यात कुणी हात लावला नाही की आपोआप संपतं."

आबांनी कुंद्याची वाटी अर्धी मागं घेतली.

"अर्धाच तास? मग त्यात आपला प्रश्न कवा घेणार?"