०.९६ इंची ओलेड डोळे झाकून घेऊ नका

प्रोजेक्टवाल्या पोरांच्या ग्रुप्सवर एक मेसेज सारखा फिरतोय, की "छोट्या डिव्हाइसला डोळे झाकून ०.९६ इंची ओलेड घ्या, बॅटरी खात नाही, उन्हात क्लिअर दिसतो, कोड सोपा, कायमचा टिकतो, १६ बाय २ एलसीडी आता आउटडेटेड." ओलेड म्हणजे प्रत्येक ठिपका (पिक्सेल) स्वतः उजेड देणारा स्क्रीन, आणि १६ बाय २ म्हणजे १६ अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा एलसीडी. फायनल इयरची पोरं हा मेसेज वाचून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातनं तोच मॉड्यूल उचलतात आणि सबमिशनच्या तोंडावर अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बॅटरी. काळे पिक्सेल करंट घेत नाहीत हे खरंय, पण म्हणून बॅटरी खात नाही असं कुठे होतं? थोडं टेक्स्ट दाखवलं तरी साधारण १० ते २० मिलिअँप जातात. सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल २२० मिलिअँप-अवरच्या आसपास, म्हणजे कागदावरसुद्धा धड एक दिवस निघत नाही, आणि सलग एवढा करंट द्यायला तो सेल बनलेलाच नाही. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घड्याळ बघा, १९८९ चं मॉडेल, डिस्प्ले कायम चालू, तरी एक छोटा सेल सातेक वर्षं जातो, कारण त्यातला एलसीडी स्वतः उजेड पाडत नाही, बाहेरचाच उजेड वापरतो. १६ बाय २ मध्येही खरा खाणारा बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा असतो, तो बंद केला की मॉड्यूल एक-दोन मिलिअँपवर येतो. फक्त हिरवा-पिवळा डिस्प्ले घ्या, निळा डिस्प्ले बॅकलाइटशिवाय वाचताच येत नाही.

ऊन. शेतात पंपाच्या स्टार्टरशेजारी दुपारी ओलेड लावून बघा, हाताची सावली केल्याशिवाय आकडा दिसणार नाही. कॅसिओसारख्या बाहेरचा उजेड वापरणाऱ्या (रिफ्लेक्टिव्ह) एलसीडीला मात्र ऊन जितकं जास्त तितकं बरं. तासाला एकदाच रीडिंग बदलत असेल तर ई-पेपर (ई-बुक रीडरसारखा कागदी दिसणारा स्क्रीन) उत्तम, पॉवर गेली तरी चित्र तसंच राहतं, पण रिफ्रेशला एक-दोन सेकंद लागतात आणि तीन रंगांचा घेतलात तर बराच जास्त वेळ, त्यामुळे स्टॉपवॉच वगैरे विसरा.

कोड सोपा? इथेच सगळ्यात जास्त पोरं रडतात. या ओलेडचे १२८ बाय ६४ पिक्सेल म्हणजे १०२४ बाइट्सचा बफर (चित्र साठवायची मेमरी), आणि पोरं वापरतात त्या अर्डुइनो उनो बोर्डाची रॅम सगळी मिळून २०४८ बाइट्स. तो बफर प्रोग्रॅम चालू झाल्यावर मागितला जातो, त्यामुळे कंपाइल छान होतं आणि स्क्रीन कोरी, मग सिरीयल मॉनिटर (बोर्डाचे मेसेज दाखवणारी कॉम्प्युटरवरची विंडो) उघडला की "अ‍ॅलोकेशन फेल्ड". म्हणजे मेमरी मिळालीच नाही. वायरिंग तपासण्यात रात्र जाते, दोष रॅमचा असतो! यू८जी२ लायब्ररीचा पेज मोड (चित्र तुकड्यातुकड्यानं काढणारा) वापरा, १२८ बाइट्सच्या बफरवर भागतं. १६ बाय २ च्या कंट्रोलरमध्ये अक्षरं आधीच भरलेली असतात, त्याला हा त्रासच नाही. आणि १.३ इंची ओलेड घेत असाल तर आतली कंट्रोलर चिप कोणती ते विचारा, ती एसएच११०६ असेल आणि कोड एसएसडी१३०६ या दुसऱ्या चिपचा, तर चित्र दोन पिक्सेल सरकतं.

कायमचा टिकतो हे तर साफ चूक. "टेम्प:" हे लेबल महिनोन्महिने एकाच जागी ठेवलं की तेवढेच पिक्सेल मंद होतात, आणि नंतर तिथे दुसरं काही दाखवलं तरी जुनी अक्षरं पुसट दिसत राहतात.

आता ओलेडची खरी जागा. खोलीत वापरायचा हातातला टेस्टर, बटण दाबलं की वाचायचं आणि ठेवून द्यायचं, किंवा स्क्रीनवर मराठी हवंय, कारण १६ बाय २ मध्ये स्वतःची फक्त ८ अक्षरं बनवता येतात, त्यात जोडाक्षरांचं काय होणार? तिथे ओलेडच घ्या, शब्दाचं बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) करून टाका, आणि दहा सेकंदांनी स्क्रीन बंद करायची कमांड कोडमध्ये नक्की घाला.