‘स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हे मोजलं कुणी?

४ मार्च जवळ आला, राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाचे बॅनर लागले, की कारखान्यांच्या सेफ्टी ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. ट्रेनिंगच्या पीपीटीतही तो दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडला हमखास भेटतो. शब्द इकडेतिकडे होतात, पण म्हणणं असं: “माणूस वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७० आणि स्वतः केलेलं ९० टक्के. मोठी माणसं मुलांसारखी शिकत नाहीत, म्हणून भाषण बंद, गेम सुरू! कुणी डोळ्यांनी शिकतो, कुणी कानांनी, कुणी हातांनी. प्रत्येकाची शैली ओळखा. अनुभवी कामगाराला शिकवावं लागत नाही, आठवण पुरते. ८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीने होतात. त्याला शिकवा, अपघात थांबतील.”

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसांना हॉलमध्ये बसवायचं, स्लाइडमागून स्लाइड वाचून दाखवायची आणि शेवटी हजेरीपत्रकावर सह्या घ्यायच्या, या प्रकाराला विटलेली माणसंच हा संदेश पुढे ढकलतात. तो वीट मलाही आलेला आहे. पण भाषणाऐवजी फुगे फोडायचा खेळ घेतला तर टाळ्या जास्त पडतात, एवढाच फरक होतो. म्हणून एकेक दावा तपासू.

दावा पहिला: १०, २०, ३०... ९० टक्के

हे आकडे ज्यांच्या नावावर खपवले जातात ते ओहायो स्टेट विद्यापीठाचे एडगर डेल. त्यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, वर जाताना चित्रं, ध्वनिमुद्रण आणि टोकाला शब्द. त्या शंकूत टक्केवारी कुठेच नव्हती, आणि आकृती फार शब्दशः घेऊ नका असं डेल यांनीच बजावलं होतं. आकडे वेगळ्याच वाटेने आले. १९६७ मध्ये दृक्‌श्राव्य साधनांविषयीच्या एका अमेरिकी नियतकालिकात ते छापले गेले, कोणत्याही अभ्यासाचा हवाला न देता. पुढे कुणीतरी ते शंकूला चिकटवले. आजवर त्यांच्यामागचा मूळ प्रयोग कुणी दाखवू शकलेलं नाही.

खरं तर आकडे बघूनच शंका यायला हवी होती. माणसांवर केलेल्या कोणत्या प्रयोगाचे निकाल असे दहाच्या पटीत येतात? आणि मोजलं काय? ‘४४० व्होल्ट, धोका’ ही पाटी वाचणं आणि एखाद्या रसायनाचं सोळा विभागांचं सेफ्टी डेटा शीट वाचणं, दोन्हींत १० टक्केच उरतं? तासाभराने की वर्षाने?

मग करून शिकण्यात दम नाही का? आहे, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सुरक्षा प्रशिक्षणावरचे ९५ अभ्यास एकत्र तपासले, सुमारे २१,००० कामगारांचे. कामगाराचा सहभाग जितका जास्त, तितकं ज्ञान आणि कौशल्य जास्त. सर्वाधिक सहभागाच्या पद्धती सर्वात कमी सहभागाच्या पद्धतींपेक्षा ढोबळमानाने तिप्पट परिणामकारक. मात्र इथे सहभाग म्हणजे खऱ्या कामाचा सराव, त्यात कुठे चुकलं ते तिथल्या तिथे सांगणं, आणि संवाद. संगीत खुर्ची त्यात बसत नाही. याच मंडळींनी २०११ मध्ये आणखी एक कामाची गोष्ट दाखवली. धोका जीवघेणा असेल तिथे सहभागाचा फायदा मोठा असतो; धोका किरकोळ असेल तिथे साधं भाषणही जवळपास तेवढंच काम करतं. ज्या सेफ्टी ऑफिसरला महिन्यात मोजकेच तास मिळतात, त्याने ते टँकमध्ये उतरणाऱ्यांवर खर्च करावेत. जिन्याचा कठडा धरून चाला हे दोन मिनिटांत तोंडी सांगावं.

लक्षात राहण्याचं गणितही संदेशात सांगितलंय तसं चालत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने मजकूर पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ट्रेनिंग संपताच भरून घेतलेला चाचणी-पेपर म्हणूनच फसवा असतो. तो पाच मिनिटांनंतरची स्मृती मोजतो. पुढच्या सोमवारी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सुरक्षा-गप्पांत, नवं काही न सांगता नुसतं विचारा: “गॅस टेस्ट आधी की कामाच्या परवान्यावर (परमिटवर) सही आधी?” आणि गप्प राहा. लोक आठवतील, एकमेकांशी वाद घालतील. शिकणं त्या वादात होतं.

दावा दुसरा: मोठ्यांना सांगायचं नसतं, खेळवायचं असतं

प्रौढ शिक्षणाचा विषय निघाला की अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांचं नाव येतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रौढाला ‘का’ हे आधी कळायला हवं, तो स्वतःचा अनुभव घेऊन येतो, आज समोर असलेला प्रश्न सुटत असेल तर शिकतो, आणि आपल्याला पोरासारखं वागवलेलं त्याला खपत नाही. गेम हा शब्द यात कुठे दिसतो? उलट प्रौढांना पोरासारखं वागवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

‘का’ सांगण्याचं उदाहरण घ्या. तारापूरची औद्योगिक वसाहत असो की लोट्याची, सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लांटमध्ये ‘ड्रम रिकामा करताना अर्थिंग क्लिप लावा’ अशी पाटी असते आणि क्लिप खुंटीला लटकत असते. त्या माणसाला सांगा की टोल्युइनसारखं सॉल्व्हंट नुसतं पाइपातून वाहिलं तरी स्थिर विद्युत साठते, त्याची ठिणगी पडू शकते. आणि टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, ४ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ पेट घ्यायला तयार असते. आता क्लिप लावण्यामागचं कारण त्याच्या हातात आलं. याला खेळ लागत नाही, रसायनशास्त्र त्याच्या भाषेत सांगणारा माणूस लागतो.

नोल्स यांनी मुलं आणि मोठी माणसं यांच्यात आधी आखलेली कडक रेघ पुढे स्वतःच पुसट केली. विषय पूर्ण नवा असेल तर मोठ्या माणसालाही सरळ शिकवावं लागतं, हे त्यांनी मान्य केलं. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, आज पहिल्या दिवशी उभ्या राहिलेल्या हेल्परला ‘तुला काय वाटतं?’ विचारून काय मिळणार? त्याला दाखवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नवख्यांची भरती झाली तेव्हा फोरमनसाठी चार पायऱ्या ठरवल्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. त्यासोबत एक वाक्य होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आपल्याकडच्या इंडक्शनमध्ये तिसरी पायरी क्वचित दिसते, चौथी तर नसतेच.

दावा तिसरा: डोळ्यांचे, कानांचे, हातांचे शिकणारे

यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध अभ्यास चाळले; शैलीनुसार शिकवल्याने माणूस जास्त शिकतो याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. पद्धत कामावरून ठरते. ग्राइंडिंग व्हील बसवण्याआधी हलकं ठोकून त्याचा नाद ऐकतात. सलग खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तडा. हे सगळ्यांना कानांनीच शिकावं लागतं, ‘डोळ्यांनी शिकणाऱ्या’लासुद्धा.

दावा चौथा: अनुभवी माणसाला आठवण पुरते

माझ्या मते संदेशातलं सर्वात घातक वाक्य हे. सांडपाण्याच्या टाक्यांमध्ये, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या हौदात, मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. अगदी थोडा असला तरी सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे प्रत्येक जुन्या माणसाला माहीत असतं. त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं ते पुढचं: दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास प्रमाण गेलं की नाकच बधिर होतं. वास जातो, गॅस राहतो, वाढतोही. ‘वास गेला, आता उतरायला हरकत नाही’ हे वाक्य अनुभवातूनच आलेलं असतं. वीस वर्षं टाक्या साफ केलेला माणूस ते जितक्या खात्रीने बोलतो, तितक्या खात्रीने नवखा बोलणार नाही. आणि नवखा त्याच्याच भरवशावर उतरतो.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने, नायॉशने, १९८६ मध्ये इशारा दिला होता की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला उतरलेल्यांचे असतात. आपल्याकडच्या बातम्याही तशाच येतात: एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. या माणसांना ‘आठवण’ कशाची करून द्यायची? म्हणून इथे प्रश्न आधी टाकावा: “आत तुमचा साथीदार पडलाय, तुम्ही तोंडाशी उभे आहात. पहिलं काय कराल?” प्रामाणिक उत्तर येतं, “उतरू.” त्यावर हसायचं नाही, नियम तोंडावर फेकायचा नाही. ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर गुंडाळून वर ओढायचं यंत्र) लावायची, एकाला हार्नेस घालून पोत्यासारखा वर ओढून दाखवायचा, आणि त्यांच्याकडून ओढून घ्यायचा. न उतरता माणूस वाचवता येतो हे हातांना कळल्याशिवाय ‘उतरू नका’ याला काही किंमत नाही. कारखान्यात ट्रायपॉडच नसेल तर हे प्रशिक्षण तिथेच थांबतं आणि खरेदी विभागाकडे जातं.

अनुभवाची दुसरी बाजूही आहे. कोणता व्हॉल्व्ह बंद करूनही पास होतो, कोणत्या प्रेसचा क्लच अधूनमधून दुसरा स्ट्रोक मारतो, हे ऑडिटरला ठाऊक नसतं, ऑपरेटरला असतं. त्याच्या हाती शॉपचा नकाशा आणि लाल खडू द्या आणि खुणा करायला सांगा. तेवढ्या वेळात जे कागदावर येईल ते वर्षभराच्या नियर मिस रजिस्टरमध्ये, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या वहीत, आलेलं नसेल.

दावा पाचवा: ८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीने

हा आकडा हर्बर्ट हाइनरिक यांचा, १९३१ सालचा. ते विमा कंपनीत काम करत. सुमारे ७५,००० अपघातांच्या नोंदी पाहून त्यांनी ८८ टक्के असुरक्षित कृती, १० टक्के असुरक्षित स्थिती आणि २ टक्के न टाळता येण्याजोगे अशी वाटणी केली. बऱ्याच नोंदी कारखानदारांकडच्याच होत्या, आणि प्रत्येक अपघात एकाच खात्यात टाकला होता: माणूस किंवा यंत्र. मूळ कागद आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे पुन्हा तपासण्याची सोय उरलेली नाही.

एकच खातं धरलं की काय होतं ते चाकण-भोसरीच्या कोणत्याही पॉवर प्रेसवर दिसेल. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते. ऑपरेटर एका बटणात काडी खुपसतो किंवा त्यावर टेप लावतो, कारण तसं केल्याशिवाय टार्गेट पुरं होत नाही. सुपरवायझरला ते प्रत्येक पाळीत दिसतं. बोट गेलं की अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, आणि उपाय म्हणून ‘पुनर्प्रशिक्षण’. प्रेसखाली हात गेला तर तुटतो हे त्याला शिकवायचं आहे का? त्याला ते सगळ्यांत जास्त माहीत आहे.

प्रशिक्षणाची मर्यादा संशोधनातही दिसते. लिन रॉबसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये फक्त काटेकोर चाचण्या निवडून आढावा घेतला. प्रशिक्षणाने कामगाराचं वागणं बदलतं याला चांगला पुरावा मिळाला; दुखापती आणि आजार कमी होतात असं म्हणण्याइतका मिळाला नाही. धोका काढून टाकणं, सौम्य पर्याय आणणं, गार्ड किंवा लाइट कर्टन (हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवणं, हे सगळं आधी येतं. धोका आटोक्यात आणण्याच्या पायऱ्यांत प्रशिक्षण चौथ्या पायरीवर, हेल्मेट-हातमोज्यांच्या जेमतेम वर.

आणि प्रशिक्षण कुणाचं देणं आहे, हेही विसरू नये. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. कलम ७अ ने माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही भोगवटादाराची, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणाऱ्याची, जबाबदारी ठरवली, सुरक्षित यंत्रसामग्रीच्या जोडीला. कलम १११अ ने कामगाराला प्रशिक्षण मागण्याचा हक्क दिला.

यावर एक आक्षेप मात्र खरा आहे: ठेकेदाराची माणसं सारखी बदलतात, कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा, एवढं कोण करत बसणार? पण हॉलमधला दीड तास तरी त्यांच्या कुठे उपयोगी पडतो? तो वेळ मशीनपाशी घालवा, त्याला समजणाऱ्या भाषेत, हवं तर त्याच्याच गावच्या जुन्या कामगाराला मध्ये घेऊन. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे हे तोंडी विचारू नका, मशीन थांबवून दाखवायला सांगा. हजेरीपत्रकावरची सही त्यानंतर घ्या.