दंड कोणाचा, राजदंड कोणाचा

आषाढी जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. काका म्हणतात, मंदिरं सरकारच्या ताब्यातून सोडवा. आतेभाऊ विचारतो, सोडवून द्यायची कोणाला, परत बडव्यांना? मी जर्मनीत बाम्बेर्गला राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिषाएल्सबेर्गच्या टेकडीवरचे मठाचे दोन मनोरे दिसतात. त्या मठाच्या चर्चमध्ये बिशप ओटोची समाधी आहे. नऊशे वर्षांपूर्वी हाच वाद त्याच्या अंगावर कोसळला होता, म्हणून हे लिहिते आहे.

ओटो हा सम्राट हाइनरिश चौथ्याच्या दरबारातला विश्वासू कारभारी. श्पायरच्या कॅथेड्रलच्या बांधकामावर त्याची देखरेख असायची. 1102 च्या नाताळात सम्राटाने त्याच्या हाती अंगठी आणि दंड, म्हणजे धर्मगुरूची काठी, देऊन त्याला बाम्बेर्गचा बिशप केलं. तेव्हाचा बिशप नुसता धर्मगुरू नव्हता. जमिनी, जकात, टांकसाळ, शिपाई, सगळं त्याच्या हाताखाली. शिवाय गादीवर मुलाला बसवायची सोय नाही, त्यामुळे बिशप गेला की ती जागा पुन्हा राजाच्या पसंतीला मोकळी. पोपचं म्हणणं असं, की अंगठी आणि दंड ही धर्माची चिन्हं, ती द्यायचा राजाला अधिकारच नाही. याच भांडणात 1077 च्या जानेवारीत हा हाइनरिश कनोसाच्या किल्ल्यापाशी तीन दिवस पोपच्या माफीसाठी ताटकळला होता.

ओटोने सम्राटाला नाही म्हटलं नाही. पण बिशपपदाचा अभिषेकही करून घेतला नाही. तो पोपच्याच हातून घ्यायचा, असं त्याने ठरवलं आणि तीन वर्षांहून जास्त काळ तसाच अधांतरी राहिला. शेवटी मे 1106 मध्ये इटलीतल्या अनान्यी गावी पोप पास्काल दुसऱ्याने त्याला अभिषेक केला. त्याच ऑगस्टमध्ये सम्राट वारला, तोही बहिष्कृत अवस्थेत. ज्या श्पायरच्या कॅथेड्रलसाठी दोघं राबले, तिथे त्याला विधिवत पुरायला 1111 उजाडावं लागलं.

ओटोने दोन्ही डगरींवर हात ठेवला, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. सोयीसाठी असं वागणारा माणूस तीन वर्षं अर्धवट बिशप म्हणून राहत नाही. राजाने काय द्यावं आणि काय देऊ नये, हा प्रश्न त्याने स्वतःपुरता जिवंत ठेवला.

उत्तर मिळालं ते 23 सप्टेंबर 1122 ला, पोप आणि सम्राट यांच्यातल्या वोर्म्सच्या करारात. साक्षीदारांत ओटोचं नाव आहे. अंगठी आणि दंड धर्मसत्तेचे. सम्राटाने द्यायचा तो राजदंड, आणि त्याच्यासोबत जमीन-जकातीचे हक्क. एक माणूस, पण त्याला दोन गोष्टी दोन वेगळ्या हातांनी मिळणार.

आजही इथे दोन्ही सत्ता पुरत्या वेगळ्या नाहीत. नवा बिशप रोम नेमतं, पण पद घेण्याआधी तो बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांसमोर निष्ठेची शपथ घेतो. चर्चच्या सभासदांना आयकराच्या 8 टक्के चर्चकर द्यावा लागतो. माझ्या सहकारिणीच्या पगाराच्या चिठ्ठीवर त्याची वेगळी ओळ असते. 1803 च्या सुमारास सरकारने चर्चच्या मालमत्ता घेतल्या, त्यापोटीचे पैसे सरकार अजून भरतं आहे. ते देणं एकदाचं मिटवा, असं 1919 च्या राज्यघटनेत लिहिलंय. अजून मिटलेलं नाही.

आता पंढरपूर. सगळं एकाच हाती असलं की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. दलितांना विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क गेले, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ते योग्यच झालं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण देवस्थानाच्या समितीवर आपल्या माणसाची वर्णी लावायची, ही रीतही मला तितकीच खुपते. काल बडवे, आज पक्षाचा माणूस. विठ्ठलाच्या वाट्याला मालकच.

म्हणून मी काकांना फोनवर विचारलं, ‘काका, सोडवायचं म्हणजे नक्की काय सोडवायचं? काकड आरती कधी आणि कशी, हे मंत्रालयाने ठरवू नये, कबूल. पण दानपेटी? जमिनी? नेमणुका? पुजारी कोणत्याही जातीचा असावा, बाई असावी, हे कोणी बघायचं?’ दार सर्वांना उघडं राहणं कायद्याच्याच हाती हवं, असं माझं ठाम मत आहे. हिशेब तर भिंतीवर लावावा, कोणाही वारकऱ्याला वाचता येईल असा.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘हिशेबाचं मान्य. पुजाऱ्यांचं वारीवरून आल्यावर बोलू. आमच्या दिंडीचा तंबू अजून शिवून व्हायचाय.’