म्हणे आपोआप बर्फ!

आपोआप बर्फ होणार म्हणून फ्रिजला जादा पैसे मोजले. आणि मिळतं काय? कधी पापुद्र्यासारखे तुकडे, कधी सगळे चिकटून एकच धोंडा आणि पाहुणे आले की हमखास ठणठणाट!

हेल्पलाइनला फोन करा. 'सर, फ्रिज बंद करून चालू केलात का?' केला! 'फ्रीझर उणे १८ वर आहे का?' आहे हो! 'मग चोवीस तास थांबा.' थांबलो की! पुढच्या फोनला वेगळा माणूस, पुन्हा श्रीगणेशा.

मेकॅनिक म्हणाला, फिल्टर बदला. बदलला. मग म्हणे व्हॉल्व्ह गेलाय. तोही बदलला. आता म्हणतो, 'तुमच्याकडे पाण्याला प्रेशरच नाही.' अरे, मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती? आम्ही शेवटच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर कुठे एक बार दाब मिळतो. या नवाबाला लागतो साधारण दीड! दाब नाही म्हणून व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, थेंब थेंब गळतो आणि पाणी नळीतच गोठतं. म्हणजे बर्फ होतोय, फक्त नको तिथे! मग भर मे महिन्यात मी घाम पुसत, हेअर ड्रायर घेऊन फ्रीझरमध्ये डोकं खुपसून उभा.

विकताना विचारलं का कुणी, टाकी कुठे आहे म्हणून? आता बूस्टर पंप लावा म्हणे. पंपाला पॉइंट हवा, पॉइंटला इलेक्ट्रिशियन हवा, आणि तो फोन उचलेल तर शपथ!

वर मेसेज आलाय: 'आपली तक्रार सोडवली आहे. पाच स्टार द्या.'