‘माणसाला चालते ते माशालाही चालते’ हे साफ चुकीचे आहे

गेल्या आठवड्यात नागपुरातच मानेवाड्याला राहणाऱ्या बहिणीचा फोन आला. तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिशटँकचे पाणी बदलण्याच्या ‘सोप्या पद्धती’चा एक संदेश फिरत होता आणि भाच्याने तो तंतोतंत पाळला होता. मी पोहोचलो तेव्हा दोन गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराशी तोंड आणून धापा टाकत होते आणि तिसरा तळाच्या खड्यांवर आडवा पडला होता. संदेशाचे म्हणणे असे की माणसाला पिण्याजोगे पाणी माशाला चालतेच. फार तर बादली तासभर उन्हात ठेवावी, तुरटी फिरवावी किंवा आरओचे पाणी भरावे, आणि दर आठवड्याला सगळे पाणी बदलून फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवावा.

यातले पहिलेच विधान सर्वांत घातक आहे. पेंच आणि कन्हान नद्यांचे पाणी शुद्ध होऊन आपल्या नळाला येते, तेव्हा त्यात क्लोरीन शिल्लक असावेच लागते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस 10500 : 2012, क्लोरीन वापरलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे असे सांगते. याउलट, गोड्या पाण्यातील जलचरांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1984 च्या निकषांत ठरवलेली मर्यादा, तासाभराची सरासरी धरली तरी, लिटरमागे 0.019 मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपल्यासाठी जे किमान आवश्यक, तेच माशाच्या सोसण्याच्या दहापट झाले. आपण पाण्याचा एक पेला पितो आणि ते पोटात जाते. मासा तेच पाणी श्वासासाठी कल्ल्यांच्या अतिशय पातळ पडद्यावरून अखंड वाहवत असतो आणि क्लोरीन नेमका तोच पडदा जाळते. भाच्याच्या माशांच्या धापांचे कारण मला यातच दिसते, कारण त्याने बादली नळावरून भरून, नुसती तुरटी फिरवून लगेच टाकीत ओतली होती.

उन्हाविषयीचे म्हणणे अर्धे खरे आहे, हे मला मान्य करावे लागेल. सूर्यप्रकाशाने मुक्त क्लोरीन विघटित होते आणि उघड्या भांड्यातून ते उडूनही जाते. पण एक तास पुरेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडून पाणी पूर्ण दिवसभर खेळते ठेवावे, किंवा मत्स्यसामानाच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट बाटलीवरच्या प्रमाणानुसार घालून ढवळावे. ते क्लोरीन काही क्षणांत निष्प्रभ करते. ज्या गावात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे अधिक टिकाऊ संयुग, वापरतात, तिथे नुसते पाणी साठवून भागत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तुरटीचे काम गढूळपणा खाली बसवण्याचे आहे. जलशुद्धीकरण केंद्रात ती मोजून घालतात आणि साका गाळून काढतात. घरी खडा अंदाजाने फिरवला की पाण्यातील बायकार्बोनेट खर्ची पडून सामू (पीएच) खाली येतो आणि पांढरट कण कल्ल्यांवर बसू शकतात. भाच्याच्या बादलीच्या तळाशी तो कापसासारखा थर मी स्वतः पाहिला.

आरओच्या पाण्यात क्षार नाममात्र उरतात. फिल्टरमधील जिवाणू माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करताना पाण्याची अल्कता, म्हणजे सामू स्थिर राखणारे क्षार, खर्च करतात, आणि ती मुळातच नसेल तर सामू अचानक कोसळतो. गोल्डफिशला तर थोडे जड पाणीच मानवते.

स्पंज नळाखाली धुणे म्हणजे त्याच जिवाणूंवर क्लोरीन सोडणे. तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा आणि एका वेळी पाव भागाहून जास्त पाणी बदलू नये.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट, जिचा त्या संदेशात उल्लेखही नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना 7.6. म्हणून बादली आदल्या संध्याकाळी भरून घरातच, सावलीत ठेवावी आणि सकाळी थर्मामीटरने दोन्ही पाण्यांचे तापमान जुळते ना, हे पाहूनच ओतावी. बहिणीच्या स्वयंपाकघरात आता अशी एक निळी बादली कायमची ठेवली आहे. तिच्यात साबणाचा हात बुडवायलाही मी घरातल्या सर्वांना मनाई केली आहे.