नाक कुणाचं?

पुण्यात व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवलं की लोक रेषा बघतात, मान डोलावतात आणि चहाकडे सरकतात. बेळगावात रेषा-बिषा कुणी बघत नाही. चित्रातलं नाक बघतात आणि ते कुणाचं, हे एकमेकांना विचारतात. के. बी. कुलकर्णींसारखा व्यक्तिचित्रांचा उस्ताद ज्या गावात पोरांना शिकवून गेला, तिथल्या लोकांना चेहऱ्याची पारख असायचीच म्हणा.

माझ्या प्रदर्शनाची फीत कापायच्या आधीच एक काकू ओरडल्या, "अगोबाई, हे रामदेव गल्लीतले मामा की!"

"काल्पनिक आहे हो, काकू."

"काल्पनिक? आणि चष्म्याच्या काडीला दोरा बांधलाय तो?"

तासाभरात मामा हजर. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत चढवला. काडीला पांढरा दोरा होता. मी कपाळाला हात लावला. "नाक जरा लांब झालंय खरं बरं आलंय," मामांनी निकाल दिला. चित्राखाली किमतीची चिठ्ठी होती. ती वाचून म्हणाले, "नाक माझं आणि पैसे मीच द्यायचे होय रे?" चित्र त्यांच्या घरी गेलं. पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

फ्लेक्सचं वेगळंच. १९५६ साली आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून इथं फलकावर वरच्या ओळीत कन्नड की मराठी, यावर माणसं जेवण सोडून बोलतात. आमच्या फ्लेक्सवर अखेर दोन्ही ओळी शेजारी शेजारी आल्या आणि माझं नाव घडीत गेलं.

मग बंदोबस्ताचे हवालदार आले. प्रत्येक चित्राखाली बोट ठेवून "इदेनु?" मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विनोद समजावून सांगत होतो. विनोद समजावून सांगणाऱ्या माणसाइतकं केविलवाणं जगात काही नसतं, आणि समोर गणवेश असला की विचारूच नका. शेवटच्या चित्राखाली मजकूरच नव्हता. तिथं साहेब खो खो हसले, टोपी सावरली आणि गेले. शि. द. फडणीस जन्मले आमच्याच जिल्ह्यात, निपाणीकडच्या भोजला, १९२५ साली. आणि त्यांनी शब्दांशिवायच्या हास्यचित्रांत आयुष्य घातलं. मला तर तो सीमाभागाचा शहाणपणाच वाटतो.

व्याख्यान सहाचं होतं. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, मग मान्यवरांनी केलेले सत्कार. शाली कमी पडल्या तेव्हा माझीच काढून अध्यक्षांना घातली. परिचय करून द्यायला माझे शाळेतले गुरुजी. त्यांना माझे गणिताचे मार्क तोंडपाठ. माझ्यापर्यंत माईक आला तेव्हा सूत्रसंचालक कानात म्हणाले, "दोनच शब्द. हॉल साडेआठला सोडायचाय."

दोन शब्द झाले. आता प्रश्न.

"ह्यात पोट भरतंय होय?"

"आमचा नातू गणपतीचं डेकोरेशन करतो, त्याला कुठं चिकटवशील काय?"

मागच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. आता तरी कलेवर प्रश्न येईल म्हणून मी सरसावून बसलो.

"तू चव्हाट गल्लीतल्या मास्तरांचा नातू नव्हे?"

"होय."

"तरीच! तुझा आज्जा पण कोळशानं भिंती रंगवायचा. आमच्या बाबांनी खोली खाली करून घेतली त्याच्याकडनं."

संध्याकाळभरात एवढ्या टाळ्या कुणालाच पडल्या नव्हत्या.