भीती वाटते, हे देवालाच सांगायचं

मंगळवारपासून पपा आयसीयूत आहेत. बाहेरच्या बाकड्यावर त्यांच्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन बसते. दार उघडलं की आतल्या मशीनचा आवाज येतो आणि पोटात गोळा येतो.

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक येऊन गेले, प्रार्थना केली, डबा आणला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण निघताना बहुतेकांनी एकच सांगितलं, "विश्वास ठेव, घाबरायचं नाही." मी तर घाबरलेच होते. मग वाटायला लागलं, माझा विश्वासच कच्चा.

पहाटे तीनला पपांचं बायबल उघडलं. त्यातलं विलापगीत हे पुस्तक, अध्याय 3. देवाची दया रोज सकाळी नवी होते, त्याची सत्यता थोर आहे, ही 22 आणि 23 वी वचनं आपल्या घराघरात कॅलेंडरवर असतात. पण ती कुठली आहेत? इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने दीड वर्षाच्या वेढ्यानंतर यरुशलेम (जेरुसलेम) घेतलं, मंदिर जाळलं, त्या राखेतली. पुढच्याच अध्यायात तान्ह्या बाळाची जीभ तहानेने टाळूला चिकटलेली आहे. आणि तिसऱ्याच अध्यायाच्या 18 व्या वचनात हे गीत रचणारा माणूस म्हणतो की परमेश्वराकडून आता कसलीच आशा उरली नाही. तिथून 22 पर्यंत मध्ये फक्त तीन वचनं! इब्री (हिब्रू) भाषेची 22 अक्षरं, या अध्यायात प्रत्येक अक्षराने सुरू होणारी तीन वचनं, अशी 66. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत रडलाय तो, काही लपवलं नाही. देवानेही ते शास्त्रातून काढून टाकलं नाही.

57 व्या वचनाशी मी थांबले. खोल खड्ड्यातून हाक मारली तेव्हा तू जवळ आलास आणि म्हणालास, भिऊ नको. आधी जवळ आला, मग बोलला. लांबून नाही सांगितलं.

म्हणून कळकळीने सांगते, घाबरलेल्या माणसाला विश्वासाची परीक्षा घालू नका. शेजारी बसा. आमच्या गल्लीतल्या काकू काल रात्रभर बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. थर्मासातला चहा झाकणात ओतून माझ्या हातात द्यायच्या, मी प्यायले की झाकण पुसून परत लावायच्या. माझा देव त्या बाकड्यावर होता, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकते.

पपा अजून आतच आहेत. संध्याकाळी पाच मिनिटं भेटू देतात. त्यांच्या कानाशी हाच अध्याय वाचणार आहे, 18 व्या वचनासकट.